नाव आणि वेळ वगळून

लोटन पाटलाचा आवाज गव्हाळ्यात कोणालाच आवडायचा नाही, आणि तो ऐकल्याशिवाय गावातली एकही तिरडी उचलली जायची नाही.

नरडाणा आणि दोंडाईचा यांच्या मधे गव्हाळे. दोन चौक, एक बाजारपेठ आणि अलीकडेच मिळालेली नगरपंचायत. लोटनकडे एक जुनी रिक्षा होती आणि तिच्या टपावर दोन भोंगे. साड्यांचा सेल किंवा कुस्त्यांची दंगल पुकारायची असली की लोक दोंडाईच्याहून गोड आवाजाचा माणूस आणायचे. लोटनला बोलवायचे ते फक्त मयतीला. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की," असं तो सुरू करायचा तेव्हा त्याच्या आवाजात दुःखाचा लवलेश नसायचा. वीजबिलाची मुदत सांगावी तसा तो सांगायचा. कोण गेलं, कोणाचं कोण होतं, किती वाजता निघणार, कुठून निघणार. संपलं, पुढचा चौक. रिक्षा एखाद्या घरापुढे हळू झाली की आतली बाई धावत दारात यायची.

"पुढे व्हय रे लोटन, आमना दारम्होरे नको थांबू!"

मग तो मुद्दाम तिथेच थांबून तंबाखू मळायचा.

कोरोनात गर्दीवर बंदी आली आणि रिक्षा दाराशी उभी राहिली ती राहिलीच. त्याची मुलगी सारिका नाशिकला कंपनीत आहे. तिनं त्याला फोन घेऊन दिला आणि व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढून दिला. नाव त्यानंच सांगितलं, 'गव्हाळे दुःखद वार्ता'. गावातली, गावातून बाहेर गेलेली, गावात लेक दिलेली, गावातून सून नेलेली अशी सगळी माणसं त्यात आली आणि वर्षभरात ग्रुप भरून गेला.

नियम लोटनचे. हात जोडलेलं चित्र टाकायचं नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायचं नाही. फुलं, पणत्या, मेणबत्त्या काही नाही. "रडनं व्हई ते त्यासना घर जाईसन रडा, मन्हा ग्रुपवर नही," असं तो तोंडावर सांगायचा. शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा एका मयतीवर स्वतः रचलेली चार ओळींची कविता टाकली. चहा निवायच्या आत हेडमास्तर ग्रुपच्या बाहेर. एका पुढाऱ्याच्या मुलानं वाढदिवसाचं बॅनर टाकलं. तो गेला, आणि त्याच्या बाजूनं भांडायला आलेलेही गेले. ग्रुपवर काय यावं हे ठरवायचं सरकारला पुढे सुचलं, ते लोटन कधीपासून करत होता. फरक एवढाच, की लोटन चूक करणाऱ्याला काढायचा.

लोक त्याला शिव्या द्यायचे, पण आपण होऊन कोणी ग्रुप सोडत नसे. बाकीचे सगळे ग्रुप लोकांनी आवाज बंद करून ठेवलेले असतात. या एका ग्रुपचा आवाज कोणीच बंद करत नसे.

त्याला कारण होतं. गव्हाळ्यातल्या निम्म्या घरांचं उरलेल्या निम्म्यांशी बोलणं नाही. बांधावरून, वाटणीवरून, लग्नातल्या मानपानावरून. बोलणं नसलं तरी मयतीला जावंच लागतं, नाही तर वैर पोरांच्या वाट्याला जातं. पण जायचं तर आधी कोणीतरी सांगायला हवं. न सांगता गेलं तर लाचार ठरतो, सांगूनही गेलं नाही तर माजोरी ठरतो. आणि फोन करून सांगायचं म्हटलं तर सांगणाऱ्याची मान खाली जाते. ही गाठ लोटनच्या ग्रुपनं सोडवून टाकली होती. ग्रुपवर पडलं म्हणजे वैऱ्यालाही सांगितलं गेलं आणि त्याच्याशी बोलावंही लागलं नाही. "ग्रुपवर टाकलं होतं ना?" एवढं म्हटलं की कोणाचा रुसवा टिकत नसे.

हे लोटनला इतकं नीट कळायचं, कारण त्याच्या घरातही तेच होतं.

त्याचा मामा तोताराम सावद्याचा. घरची केळीची बाग, बोलणं तिखट. सारिकाच्या लग्नाची पत्रिका छापली तेव्हा लोटनचं आजोळ म्हणून तोतारामचं नाव पहिल्या ओळीत यायला हवं होतं. लोटननं ते चुलत्यांच्या खाली, दुसऱ्या रांगेत टाकलं. जागा पुरत नव्हती, असं त्याचं म्हणणं. मांडवात पंगत बसली असताना कोणीतरी तोतारामच्या हातात पत्रिका दिली. त्यानं ती वाचली, वाढलेल्या ताटावरून उठला, हात धुतले आणि गाडीत जाऊन बसला. तेव्हापासून मामा-भाच्याचं बोलणं बंद. लोटनची आई ताईबाई हिनं पुढे सुनेच्या, रत्नाच्या, फोनवरून भावाला दोन-तीनदा फोन लावला. "अगोदर लोटनला बोलू दे," एवढं म्हणून त्यानं ठेवून दिला. नंतर तर तो रत्नाचा नंबर पाहूनच कापायला लागला.

आणि मग एक दिवस ग्रुपमध्ये एक नवा नंबर आला. फोटोच्या जागी केळीचा घड. लोटननं ओळखलं, आणि काढलं नाही. तोतारामनं तिथे कधी एक अक्षर टाकलं नाही, पण आलेली प्रत्येक वार्ता तो वाचायचा. कोणी वाचलं ते फोनमध्ये दिसतं. ताईबाईला हे कळलं तसं तिचं एक विचारणं सुरू झालं.

"तोतानी वाचं का रे?"

"वाचं."

"मंग जित्ता शे." आणि भाऊ जिवंत आहे एवढ्यावर ती कूस बदलून झोपायची.

कधी म्हणायची, "मी गयी म्हंजे त्याले कोन सांगी?"

"ग्रुपवर टाकसू ना."

"तू टाकशी. पन बोलशी का?"

"ग्रुपवर टाकसू म्हनं ना, माय!"

नगरपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा ताईबाईनं अंथरूण धरलं होतं. दोन पॅनल होती, एक प्रेमराजचं आणि एक भूषणचं. दोघंही लोटनचे चुलतभाऊ, एकाच आजोबांचे नातू, आणि लोटनचं दोघांशीही जमत नव्हतं. बाजाराच्या दिवशी दोन्हीकडच्या मिरवणुका एकाच चौकात आल्या. झेंडा कोणाचा उंच यावरून सुरू झालं आणि दगडांवर आलं. भाजीच्या गाड्या उलटल्या, दोन मोटारसायकली जळाल्या, एका पोलिसाचं डोकं फुटलं. त्याच्या आदल्या आठवड्यात दोन्ही पॅनलच्या पोरांनी व्हॉट्सअॅपवर एकमेकांच्या आया-बहिणी काढल्या होत्या, एका जुन्या मारामारीचा व्हिडिओ कालचाच म्हणून फिरवला होता.

वरून आदेश सुटला. ज्यांनी दगड मारले ते कोणालाच सापडले नाहीत. ज्यांचे ग्रुप होते ते मात्र सगळे सापडले. शिवीगाळ करणारी पोरं धुळ्यात भाड्याच्या खोलीत बसायची. त्यांनी ग्रुपचं नाव बदललं, नंबर बदलले आणि काम चालू ठेवलं. नोटिसा कोणाला गेल्या? भजनी मंडळाला. दूध डेअरीच्या ग्रुपला. बालवाडीतल्या आयांच्या ग्रुपला. आणि लोटन पाटलाला.

ठाण्याच्या आवारात अॅडमिन लोकांची रांग लागली होती. भजनी मंडळाचे म्हातारबुवा टोपी हातात घेऊन उभे होते, जणू त्यांनीच मोटारसायकल पेटवली. साहेब बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले, डोळे लाल, झोप नसलेले. बाजूला हवालदार पंडित नोटिसा वाटत होता. तो गावचाच, आणि ग्रुपमधलाही.

"अॅडमिन तुम्ही?" साहेबांनी लोटनला विचारलं.

"हा."

"आजपासून ग्रुपवर फक्त तुम्हीच टाकायचं. दुसऱ्या कोणाचं काही आलं तर गुन्हा तुमच्यावर."

"वार्ता पहिल्यापासून मीच टाकतो."

"आणि टाकायच्या आधी आम्हाला पाठवायचं. आम्ही पाहणार, मंजूर करणार, मग टाकायचं."

"साहेब, हा मयतीचा ग्रुप आहे."

"कशाचाही असू दे. जमाव होईल असं काही नको. उमेदवाराचं नाव नको. वेळ, ठिकाण नको."

"वेळ सांगितली नाही तर लोक जातील केव्हा?"

"जाऊ नयेत. तेच पाहिजे आम्हाला."

"म्हणजे आता मरायचं असलं तर माणसानं आधी तुमच्याकडे अर्ज करायचा."

रांगेत कोणीतरी हसलं. साहेबांनी मान वर केली. "पाटील, ज्याचं डोकं फुटलं त्याची बायको सकाळी माझ्यापुढे बसून रडत होती. हा विनोद तिला ऐकवता का?"

कोंडीत सापडला की लोटन जास्तच चढायचा.

"दगड ग्रुपवरून आला का, साहेब?"

"दगड मारणाऱ्यांना बोलावणं ग्रुपवरून आलं."

"मग ज्यानं बोलावलं त्याला बसवा ना इथं. तो तर काल प्रेमराजच्या पंगतीत वरण-बट्टी वाढत होता. पंडितनं पण खाल्ली. विचारा त्याला."

पंडितनं नोटिशीत डोकं घातलं.

"सही करा," साहेब म्हणाले.

त्यानं सही केली. पेन मात्र साहेबांच्या हातात न देता टेबलावर टाकलं.

पहिला फटका झुलाल आबांच्या मयतीला बसला. आबा सकाळी गेले. लोटननं लगेच मजकूर ठाण्याला पाठवला. मंजुरी आली ती दिवेलागणीला, तोवर आबांची राख निवायला लागली होती. आबांचा सख्खा भाऊ त्याच गावात दोन गल्ल्या सोडून राहत होता आणि घरच्यांशी त्याचं बोलणं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी लोटनच्या दारात आला.

"मन्हा भाऊ जळी गया आनि तू माले आते सांगस?"

"सरकारले इचार."

"सरकार मन्हा ग्रुपवर नही, तू शे!" असं म्हणून त्यानं पायातली चप्पल काढली आणि खरंच फेकली. ती लागली रिक्षाच्या भोंग्याला. लोटननं चप्पल उचलून परत फेकली. तीही कोणाला लागली नाही.

त्यानंतर ग्रुप गप्पच पडला. लोक मजकूर द्यायलाच येईनात. आणि ताईबाई अंथरुणातून विचारत राहिली.

"ग्रुप चुप शे, मंग तोता शे का नही, माले कसं समजी?"

"शे, माय. त्याले काय व्हस?"

"तुले काय माहीत? तू बोलस का त्यानासंगे?"

ताईबाई गेली ती मतदानाच्या आदल्या दिवशी, सकाळी. रत्ना पेज घेऊन गेली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून होती आणि अंग गार पडलं होतं.

गल्लीतल्या बायका जमल्या. ताईबाईला खाली घेतलं, आंघोळ घातली. पण वरचं लुगडं कोणी घालेना. सवाष्ण असो की विधवा, बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. भाऊ आणतो, भाऊ नसेल तर माहेरचा दुसरा कोणी आणतो. ते आल्याशिवाय बाई उचलायची नाही. सासरच्या लुगड्यात गेली तर तिचं मागे कोणी नव्हतं असा त्याचा अर्थ, आणि ते बोलणं तिच्या लेकाला जन्मभर ऐकावं लागतं. सावदा काही जवळ नाही. भुसावळ, जळगाव, धुळं करून यायचं तर अर्धा दिवस मोडतो, आणि थंडीच्या दिवसांत सूर्य लवकर बुडतो.

"मामांना सांगा," रत्ना दाराआडून म्हणाली.

"टाकतो ग्रुपवर."

"ग्रुपवर नाही. फोन लावा."

"टाकतो म्हटलं ना!"

रत्नानं मागच्या खोलीत जाऊन स्वतःच लावला. तोतारामनं कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला.

लोटन ओट्यावर बसून मजकूर लिहीत होता. शेकड्यांनी लिहिलेले, पण हा पुन्हा पुन्हा खोडला. शेवटी झाला तो असा.

'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, सावदा येथील श्री. तोताराम पाटील यांच्या ज्येष्ठ भगिनी व लोटन पाटील यांच्या मातोश्री ताईबाई यांचे आज सकाळी निधन झाले. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरून निघेल.'

तोतारामचं नाव पहिल्या ओळीत होतं. स्वतःच्याही आधी. त्यानं ते दोनदा वाचलं आणि ठाण्याला पाठवलं.

मंजुरीची वाट पाहत असतानाच प्रेमराज आला. पांढरे कपडे, मागे चार माणसं. ताईबाईच्या पाया पडला, डोळे पुसले आणि ओट्यावर लोटनच्या शेजारी टेकला.

"भाऊ, मजकुरात आमनं नाव टाकं ना? काकू व्हती मन्ही."

"नही टाकं."

"पुतन्याचं नाव नही?"

"मशीनवर शे ना तुन्हं नाव? तठेच वाचतीन लोकं."

प्रेमराजच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. "भूषणनं नाव टाकं असशी तू. माले माहीत शे तू कोनाकडे शे ते."

तो निघाला तेव्हा भूषण गल्लीच्या तोंडाशी थांबलेलाच होता. एक बाहेर पडला आणि दुसरा आत आला, एकमेकांकडे न बघता. भूषण पाया पडला, डोळे पुसले, ओट्यावर टेकला.

"भाऊ, प्रेमराजचं नाव टाकं का तुम्ही?"

"तुमना दोघासना बाप एक असता तर बरं झालं असतं," लोटन म्हणाला. "एकदाच सांगनं पडतं. नही टाकं. ऊठ."

"याद ठेवजो, भाऊ."

"ठेवसू. नाव बी वेळ बी."

ठाण्याचं उत्तर आलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. 'मंजूर. मयताचे नाव व नातेसंबंध वगळून. वेळ व ठिकाण वगळून.'

लोटननं पंडितला फोन लावला.

"हे काय आहे?"

"भाऊ, आडनाव उमेदवारांचंच आहे. प्रचार संपलाय. साहेब म्हणतात, उद्या मतदान आणि आज त्या आडनावाची मयत, दोन्ही पॅनल एका स्मशानात, मग काय होईल? घरची माणसं घ्या आणि गुपचूप उरकून घ्या म्हणतात."

"मन्ही माय मरनी, पंडित. चोरीचा माल शे का ती?"

"मला कळतं, भाऊ. पण मी काय करू?"

"बट्टी खा."

त्यानं फोन कापला. रत्ना येऊन समोर उभी राहिली. लोटननं केळीच्या घडाचा नंबर काढला. अंगठा त्यावर धरला. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. अंगठा तसाच राहिला, आणि मग त्यानं तो उचलला.

"नाही होत," तो म्हणाला.

"लाज वाटू द्या," रत्ना म्हणाली आणि आत गेली.

मग त्याला राग आला. कोणाचा ते त्यालाही सांगता आलं नसतं. बायकोचा, मामाचा, साहेबांचा, स्वतःच्या अंगठ्याचा. त्यानं ठाण्याच्या आदेशातली एकेक गोष्ट पाळली. नाव काढलं. नाती काढली. वेळ काढली. घर काढलं. उरलं ते ग्रुपवर टाकून दिलं.

'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, निधन झाले. अंत्ययात्रा निघेल.'

"घ्या," तो फोनकडे बघून म्हणाला. "मंजूर."

गव्हाळ्यात आधी एका घरातला फोन वाजला, मग शेजारचा, मग सगळ्याच घरांतले. लोटनच्या ग्रुपवर आजवर खोटं काही आलं नव्हतं. म्हणजे कोणीतरी गेलं होतं, आणि ते आपलंही असू शकत होतं. ग्रुपवर विचारायची सोय नव्हती, ती सरकारनं बंद केली होती. मग लोकांनी विचारायचं कोणाला? ज्याच्या घरात म्हातारं माणूस आहे त्याला. त्याच्याशी बोलणं नसलं तरी. नाशिकच्या पोरांनी गावातल्या चुलत्यांना फोन केले. बांधावरून कोर्टात गेलेल्या भावानं भावाला विचारलं, "तू बरा शे ना?" आणि तो बरा आहे म्हटल्यावर "बरं, मंग ठेव" म्हणून ठेवून दिला. झुलाल आबांच्या भावानं आबांच्या सुनेला फोन करून, तिकडे आता आणखी कोण गेलं, असं विचारलं आणि तिच्याकडून ऐकून घेतलं ते ऐकून घेतलं.

लोटनचा फोन हातात थरथरला. केळीचा घड.

त्यानं उचलला.

"कोन गेलं रे?" तोतारामचा आवाज म्हातारा झाला होता.

"माय."

पलीकडे तोताराम कोणाकडे तरी गाडीची चावी मागताना ऐकू आला.

"केव्हाची?"

"सकाळची."

"आन् मले आता सांगतो? नाव नाही, गाव नाही, असं भिकाऱ्यासारखं?"

"सरकारनं..."

"सरकारची बहीन होती का?" तोताराम ओरडला. मग आवाज खाली आला. "उचलू नका. लुगळं घेऊन येतो."

तोताराम वाटेत असतानाच पोलिसांची गाडी गल्लीत आली. तोवर गल्ली भरली होती. फोनाफोनीत कोणीतरी नाव शोधून काढलंच होतं, आणि नाव कळल्यावर सगळं गाव आलं होतं. दोन्ही पॅनलची माणसं दोन भिंतींना टेकून उभी होती, एकमेकांवर डोळे रोखून. साहेब गर्दीतून वाट काढत ओट्यापर्यंत आले.

"काय टाकलंत तुम्ही?"

"तुम्ही मंजूर केलं ते."

"गावात घबराट पसरवली. ही अफवा आहे."

"नाव तुम्ही लपवलं, आणि अफवा माझी?"

"फोन द्या."

लोटननं दिला. पंडितनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीवर कागद चिकटवला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"अंत्यविधी लगेच उरका," साहेब म्हणाले.

"माहेरचं लुगडं यायचं आहे," दारातून रत्ना म्हणाली. "ते आल्याबिगर नाही उचलणार. बाई आहे ती, तुमची फाईल नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं. पोलिसांना दोन पॅनलच्या मधे उभं केलं आणि स्वतः गाडीला टेकून राहिले.

तोताराम आला तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं. तो लोटनच्या अंगावरून सरळ आत गेला. त्यानं लुगडं बहिणीच्या पायांशी ठेवलं, बायकांनी ते तिच्या अंगावर घातलं, आणि मग ताईबाई निघाली. प्रेमराज आणि भूषण दोघंही खांदा द्यायला धावले. लोटननं दोघांनाही कोपरानं बाजूला सारलं आणि पुढचा खांदा तोतारामला दिला. त्यानं तो घेतला, पण लोटनच्या बाजूला तोंड केलं नाही.

स्मशानातून परत आल्यावर तोताराम ओट्यावर टेकला नाही. रत्नानं पाण्याचा तांब्या पुढे केला, तोही घेतला नाही. गाडीशी जाऊन थांबला.

"काय लिहिलं होतं अगोदर?" त्यानं विचारलं.

"मजकूर लिहिला होता. त्यांनी काटला."

"माह्यं नाव होतं का त्यात?"

"पहिल्या ओळीत. माझ्याही आधी."

"दाखव."

"फोन पोलिसांनी नेला. तुम्ही पाहिलं ना, पिशवीत..."

"बरं सुचलं," तोताराम म्हणाला. "पत्रिकेत जागा नव्हती, आन् इथं फोन नाही." तो गाडीत बसला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

निवडणूक झाली. दोघांपैकी एक निवडून आला. दुसऱ्यानं त्याला गुलाल लावला, आणि ताईबाईच्या उत्तरकार्याच्या दिवशी दोघांनी मिळून चौकात बॅनर लावलं. त्यात दोघांचे फोटो होते आणि एका कोपऱ्यात ताईबाई होती. लोटननं ते भरचौकात कोयत्यानं उभं फाडलं. त्याचाही वेगळा गुन्हा नोंदला गेला. धुळ्याच्या खोलीतली पोरं आता दुसऱ्या तालुक्यात काम करतात, असं ऐकू येतं.

फोन मात्र सुटला नाही. लोटन दर आठवड्याला ठाण्यात जातो. कधी साहेब नसतात, कधी कपाटाची चावी नसते, कधी तपास चालू असतो. पंडित त्याला चहा विचारतो, तो पीत नाही. ग्रुप अजून आहे, पण त्यावर शेवटची ओळ तीच आहे, नाव आणि वेळ वगळून लिहिलेली. गावात कोणी गेलं की लोक एकमेकांना फोन करतात, चडफडत, दात खाऊन, पण करतात.

रत्नाच्या फोनवर महिन्या-दीड महिन्यानं केळीचा घड उगवतो. आता ती कापाकापी होत नाही. ती फोन लोटनकडे देते.

"सुटला का फोन?" तोताराम विचारतो.

"नाही."

"मंग मी कसं मानू?"

आणि तो ठेवून देतो. रामराम नाही, कसा आहेस नाही. लोटन फोन रत्नाच्या हातात देतो आणि कूस बदलावी तसा तिच्याकडे पाठ करून बसतो.

"काय म्हणाले?"

"जित्ता शे," लोटन म्हणतो.